आत ओढलेला सूर

मिस्टर ओरेनचं काम माणसांना श्वास घ्यायला शिकवण्याचं होतं. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण आमच्या सेंटरमध्ये खरंच असं काम होतं. दोह्याच्या सनाय्यात, कारखाने आणि गोदामांच्या त्या धुळकट भागात, एक मोठी शेड, दोन वर्गखोल्या आणि माझा छोटासा दवाखाना, एवढंच ते सेंटर. गॅसच्या प्लांटवर कामाला लागणाऱ्या माणसाला आधी आमच्याकडे यावं लागे. प्लांटवर विषारी गॅस गळला तर तोंडावर मुखवटा कसा चढवायचा, पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा पुरवून पुरवून वापरत बाहेर कसं यायचं, हे मिस्टर ओरेन शिकवत. मी तिथली नर्स. त्यांच्या वर्गात बसण्याआधी प्रत्येकाने माझ्या मशीनच्या नळीत जोरात फुंकायचं आणि आपली फुप्फुसं धड आहेत हे दाखवायचं, असा नियम होता.

तो नियम शिकवणाऱ्यांनाही होता. मी नाशिकहून येऊन नोकरीला लागले त्याच आठवड्यात मिस्टर ओरेन त्यांच्या वर्षाच्या तपासणीसाठी आले. दारातून आत येताना त्यांना थोडं वाकावं लागलं. साठी ओलांडलेला, काळाभोर, उंच माणूस. केस पांढरे, अगदी बारीक कापलेले. मी सगळ्यांना सांगते तेच त्यांना सांगितलं: छाती भरून श्वास घ्या, नळीभोवती ओठ घट्ट मिटा, जोरात फुंका, मी थांबा म्हणेपर्यंत सोडत राहा. ते सोडत राहिले. माझंच "सोडा, सोडा" म्हणून म्हणून तोंड दुखलं. पंचविशीतल्या पोरांना जमत नाही असा तो श्वास होता. मी तसं म्हणाले, तर त्यांनी रुमालाने ओठ पुसले आणि म्हणाले, "सिस्टर, तुमचं मशीन बाहेर सोडलेला श्वास मोजतं. माझ्या आजोबांचं पोट आत घेतलेल्या श्वासावर चालायचं."

मला कळलं नाही हे त्यांना दिसलं. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून दुसऱ्या रुमालात गुंडाळलेला माउथ ऑर्गन काढला. तळहातावर दोनदा आपटला. आधी एक सूर फुंकून दाखवला, शाळेच्या बँडमध्ये असतो तसा, साधा, सरळ. मग त्याच्या शेजारच्याच भोकातून श्वास आत ओढला, आणि तो सूर खाली वाकत गेला. दवाखान्याच्या त्या फिनेलच्या वासाच्या खोलीत कुणीतरी हुंदका गिळावा तसा आवाज झाला. "फुंकलं की सरळ निघतो," ते म्हणाले. "वाकवायचा असेल तर आत ओढावा लागतो." माउथ ऑर्गन पुन्हा गुंडाळून खिशात ठेवला, सही केली आणि गेले.

ते अमेरिकेच्या दक्षिणेतले, अलाबामाकडचे. तरुणपणी तिकडच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांमधून टाक्या खरवडायचं, वाळूच्या फवाऱ्याने गंज काढायचं काम केलं, मग सुरक्षेच्या कामात शिरले आणि फिरत फिरत आखातात आले. बायको वारलेली. डेनिस नावाची एक मुलगी, ती अटलांटात. याहून जास्त माहिती आमच्यापैकी कुणाला नव्हती, आणि ते स्वतःहून काही सांगत नसत. पण त्यांच्या सवयी मात्र सगळ्या सेंटरला पाठ होत्या. ते कधी घाईने चालत नसत. जिना चढताना बोलत नसत. घाबरलेल्या माणसाशी बोलायचं असलं की आधी जमिनीवर बसत, म्हणजे त्याला मान वर करावी लागू नये. उद्या सूर्य उगवेल म्हटलं तरी "इन्शाल्ला" म्हणत. आणि त्यांच्या वर्गात धीट दिसणाऱ्या पोरांकडे त्यांचं जास्त लक्ष असे. "शूर माणसं फार हवा खातात," असं ते म्हणायचे. "मला भित्री माणसं द्या. ती हवा जपून वापरतात."

काळा अमेरिकन आणि हातात वाजवायचं काहीतरी, म्हटल्यावर लोक त्यांना हमखास जॅझबद्दल विचारायचे. ते नुसती मान हलवत. एकदा आमच्या ऑफिसातल्या एका इंग्लिश माणसाने विचारलं की तुम्ही वाजवता ते तर कंट्री म्युझिक, घोडे आणि गोठ्यांचं, गोऱ्या लोकांचं. ते तुम्ही कुठे शिकलात? मिस्टर ओरेन चहा ढवळत होते. ढवळायचे थांबले. म्हणाले, "ते त्यांचं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?" आवाज चढवला नाही. पण त्यानंतर त्या माणसाबरोबर चहाला कधी बसले नाहीत.

त्यांची खरी मैत्री होती ती आमच्या मिनीबसच्या ड्रायव्हरशी. भानुदास लातूरकडचा, पन्नाशीचा, बायको-मुलं गावाकडे. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि मिस्टर ओरेनना हिंदी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोघं बसमध्ये एसी लावून बसत. भानुदासच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा असे. मिस्टर ओरेन त्यातली अर्धी भाकरी हक्काने खात, आणि जेवण झालं की वाजवत. मी कधी औषधाची पेटी ठेवायला बसमध्ये गेले तर भानुदास बोटाने गप्प राहायची खूण करायचा.

एकदा मी त्याला विचारलं, काय वाजवतात रे ते?

"आता काय सांगावं ताई," तो म्हणाला. "म्हातारं वाजवायलं की मला माझी माय दळायलीय असं वाटतंय. जात्याचा आवाज न्हाई, तिच्या दमाचा."

आमच्या शेडमध्ये एक गॅलरी होती. लोखंडी कंटेनर एकाला एक जोडून केलेला अंधारा बोगदा. मुखवटा लावून, सिलिंडर पाठीवर घेऊन त्यातून रांगत पलीकडे निघायचं, ही शेवटची परीक्षा. दिवे लावावे लागले तर माणूस नापास. नापास झाला की त्याची कंपनी त्याला परत पाठवणार. एकदा सोलापूरकडचा एक वेल्डर आत गेला आणि मधेच बसला. मुखवट्यातून त्याचा श्वास बाहेर शेडमध्ये ऐकू येत होता, कुत्र्याने धापा टाकाव्या तसा. सहायक दिव्याच्या बटणाकडे गेला, तर मिस्टर ओरेननी त्याला हाताने अडवलं. ते बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी जमिनीवर बसले, माउथ ऑर्गन काढला आणि वाजवायला लागले. त्यात गाणं असं नव्हतंच. आत, बाहेर. आत, बाहेर. मालगाडी स्टेशनातून हळूहळू निघते तशी लय. आधी ती वेल्डरच्या धापांइतकीच जलद होती, मग ते ती थोडी थोडी मंद करत गेले, आणि आतला श्वास तिच्यामागे मंद होत गेला. बऱ्याच वेळाने पलीकडच्या तोंडातून त्याचं डोकं बाहेर आलं. मुखवटा काढून तो मिस्टर ओरेनच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. कुणी हसलं नाही. त्यांच्या शेडमध्ये हसायची सोयच नव्हती.

पुढच्या वर्षी नवा मॅनेजर आला. त्याने हे पाहिलं आणि लेखी कळवलं की परीक्षेच्या वेळी वाद्य वाजवणं पद्धतीत बसत नाही. मला वाटलं होतं मिस्टर ओरेन भांडतील. ते म्हणाले, "खलास." आणि त्यानंतर शेडमध्ये त्यांनी कधीच वाजवलं नाही. थांबवलं जाण्याशी त्यांच्या घराची जुनी ओळख होती, हे मला नंतर कळलं.

ते कळलं आमच्या घरी, गणपतीत. दोह्यातल्या अल मन्सूर भागात आमचं घर जुन्या इमारतीत आहे, खाली किराणा दुकान आणि केरळी हॉटेल. दीड दिवसाचा गणपती आम्ही घरातल्या घरात बसवतो. त्या वर्षी मी मिस्टर ओरेन आणि भानुदासला जेवायला बोलावलं. मिस्टर ओरेन इस्त्रीचा सूट घालून आले. मूर्तीपुढे बराच वेळ उभे राहिले, मग माझ्या मुलीला विचारलं की हे कोण. तिने इंग्रजीत सगळी गोष्ट सांगितली, आम्हाला मराठीत कधी सांगत नाही इतकी छान. जेवण झाल्यावर भानुदासने खूण केली, वाजवा म्हणून. मिस्टर ओरेननी आधी मूर्तीकडे आणि मग माझ्याकडे पाहून परवानगी घेतली.

त्या दिवशी त्यांनी जे वाजवलं ते मी त्याआधी तुकड्या-तुकड्यांनी बसमध्ये ऐकलं होतं, पण अख्खं पहिल्यांदाच. सुरुवात अगदी साधी, अंगाईसारखी. मग खाली ती चालती लय आली आणि तिच्यावर ती अंगाई. एकाच तोंडातून दोन्ही एकदम कसं निघतं ते मला अजून कळलेलं नाही. मग मध्यावर एक जागा आली. तिथे त्यांनी श्वास आत ओढायला सुरुवात केली, सूर वाकत वाकत खाली नेला, आणि आता संपेल असं वाटत असताना तो संपेना. आम्ही सगळेच श्वास धरून बसलो होतो. माझा नवरा, मंदार, जवळच्या लुसैल शहरात इंजिनीअर आहे, गाण्याचा शौकीन. त्याने नकळत मोबाईल वर केला रेकॉर्ड करायला.

मिस्टर ओरेन थांबले. सूर अर्ध्यात सोडून. माउथ ऑर्गन रुमालात गेला, रुमाल खिशात. मंदारचा चेहरा पडला.

"तुमची चूक नाही," मिस्टर ओरेन म्हणाले. आणि मग त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. मंदार मधे मधे थांबवून भानुदासला मराठीत सांगत होता.

आजोबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. दिवसभर कापसाची धूळ छातीत, आणि संध्याकाळी माउथ ऑर्गन. जवळच्या शहरात तेव्हा नवं रेडिओ स्टेशन निघालं होतं. शनिवारी त्यावर खेड्यापाड्यातलं गाणं-बजावणं लागायचं, सगळे वाजवणारे गोरे. कुणीतरी आजोबांना दारातून आत घेतलं, आणि त्यांनी ही चाल वाजवली. लोकांना वेड लागलं. पत्रं यायला लागली. रेडिओवर रंग दिसत नाही; पत्रं लिहिणाऱ्या बायांनी त्यांना आपल्यातलाच समजून घरी जेवायला बोलावलं होतं. त्या स्टेशनवर वाजवणारे ते पहिले काळे. पुढे ती मंडळी गावोगाव कार्यक्रम करायला निघाली तेव्हा आजोबाही बरोबर निघाले. स्टेजवर त्यांच्या चालीला सगळ्यांत जास्त टाळ्या, आणि कार्यक्रम झाला की बाकीचे हॉटेलात आणि आजोबा गाडीत झोपायला. ते त्यांनी चालवून घेतलं. मग त्या मंडळीतला एक तरुण रोज त्यांच्या शेजारी बसायला लागला. फार आदराने शिकायचा. आजोबांनी त्याला हातचं काही न राखता शिकवलं. वर्षभराने चालीची तबकडी निघाली, त्या तरुणाच्या नावाने. आणि स्टेशनवाल्यांनी आजोबांना सांगितलं की तुमच्याकडे नवीन काही नाही, तीच ती चाल लोकांनी किती ऐकायची.

"मग?" मंदारने विचारलं.

मग आजोबा त्याच शहरातल्या हॉटेलात लोकांच्या बॅगा उचलायला लागले. हॉटेलाच्या बैठकीत रेडिओवर तो कार्यक्रम दर शनिवारी लागायचा. पुढची तीस-एक वर्षं त्यांनी दाराबाहेर वाजवलं नाही. घरात, मागच्या अंगणात, नातवाला समोर बसवून तेवढं वाजवायचे. जाण्याआधी त्यांनी नातवाकडून वचन घेतलं, की ही चाल कुठल्याही यंत्रात जाऊ द्यायची नाही. मिस्टर ओरेन तेव्हा शाळेत होते.

"म्हणजे ही चाल आता फक्त तुम्हाला येते?" मी विचारलं.

"त्या तबकडीवर पण आहे," ते म्हणाले. "पण ती त्याने सगळी फुंकून वाजवली आहे."

माझ्या मुलीने विचारलं की तुमच्यानंतर काय. ती लहान होती, विचारून बसली. ते तिला म्हणाले, "तेव्हाचं तेव्हा. इन्शाल्ला."

त्यानंतर दीडेक वर्ष गेलं असेल. त्यांना कोरडा खोकला सुरू झाला. दोह्यात धुळीच्या दिवसांत सगळेच खोकतात, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. वर्षाच्या तपासणीला ते माझ्या स्टुलावर बसले, नळीत फुंकलं, आणि मी थांबा म्हणायच्या आधीच थांबले. मी पुन्हा फुंकायला सांगितलं. पुन्हा तसंच. मशीनच्या पडद्यावरची रेषा चढता चढता मधेच बसली. नर्सच्या चेहऱ्याला कितीही शिकवलं तरी तो थोडं सांगतोच.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "हिवाळ्यापासून ती लांब जागा मी अर्ध्यात सोडतोय. भानुदासच्या पण लक्षात आलंय. तो काही बोलत नाही."

मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन झालं. फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती, वाळलेल्या स्पंजासारखी. तरुणपणी ओढलेली ती वाळू आणि धूळ इतकी वर्षं आत बसून होती. औषधाने वेग थोडा कमी होईल, असं डॉक्टर म्हणाले. परत मऊ होणार नाहीत. आयुष्यभर लोकांच्या तोंडावर मुखवटे चढवत आलेला माणूस. आणि तो वीस-बावीस वर्षांचा असताना त्याच्या तोंडावर एक फडकं बांधायला सांगणारं कुणी नव्हतं. मी हे त्यांच्यापुढे बोलले नाही. ते त्यांना माझ्याआधी सुचलं असणार.

मेडिकलमध्ये अनफिट म्हटल्यावर पुढचं आपोआप होतं. नोकरी संपली की इथला मुक्काम संपतो. सगळ्यांचाच, त्यात मॅनेजरचा काही दोष नाही. त्यांना आवराआवरीसाठी थोडा अवधी मिळाला. डेनिसने फोनवर सांगितलं की माझ्याकडे या. ते "हो" म्हणाले. तिच्या घरी राहायला त्यांना आवडणार होतं की नाही, कळलं नाही. तिच्या लहानपणी ते बहुतेक वेळ कुठल्या ना कुठल्या देशात कामावर होते, आणि ती चाल तिने लहानपणी भिंतीपलीकडून ऐकली असेल तेवढीच.

एका शुक्रवारी सकाळी त्यांनी मला फोन केला. सेंटर सुट्टीमुळे बंद होतं. ते म्हणाले, "तुमच्या मिस्टरांना त्यांचा मोबाईल घेऊन यायला सांगा."

मी म्हणाले, "आजोबांना वचन दिलंत ना तुम्ही?"

"आजोबांना वाटलं होतं, मला मुलगा होईल, तो वाजवेल," ते म्हणाले. "त्यांचा हिशोब चुकला. त्यात माझीही चूक आहे. या तुम्ही."

आम्ही माझ्या दवाखान्यातच जमलो. एसीचा आवाज नको म्हणून तो बंद केला. मे महिना होता. बघता बघता खोली भट्टी झाली. भानुदासही होता. मंदारने मोबाईल टेबलावर पुस्तकांच्या आधाराने उभा केला. मिस्टर ओरेननी माउथ ऑर्गन हातावर दोनदा आपटला आणि सुरुवात केली. अंगाई आली. खालची लय आली, तुटक, पण आली. मग ती जागा आली. त्यांनी श्वास आत ओढला, सूर वाकायला लागला, आणि खोकला आला. तो खोकला थांबायला इतका वेळ लागला की मी ऑक्सिजनचा सिलिंडर ओढून आणला. नाकात नळी लावून ते पुन्हा बसले. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा त्यांनी ती जागा गाळून पुढचं वाजवायचा प्रयत्न केला, आणि दोन सूर झाल्यावर स्वतःच थांबले. असं त्यांना वाजवता येईना.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा आलो. त्याच्या पुढच्याही. दर वेळी कमी.

शेवटच्या शुक्रवारी भानुदासने मधेच शीळ घालायला सुरुवात केली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं बसमध्ये ऐकून ऐकून ती चाल त्याच्या डोक्यात होती, आणि म्हाताऱ्याला मदत करावी म्हणून त्याने ती शीळ घालून दाखवली. मिस्टर ओरेन ताठ होऊन ऐकायला लागले. सुरुवात बरोबर होती. मधली जागा आली तिथे भानुदासने भलतंच काहीतरी वळण घेतलं, एखाद्या भजनासारखं. मिस्टर ओरेन हाताने "नाही, नाही" म्हणायला लागले. त्यांनी गुणगुणून दाखवायचा प्रयत्न केला, पण गुणगुणायलाही दम लागतो. भानुदासने पुन्हा शीळ घातली, पुन्हा चुकला. त्यांनी माउथ ऑर्गन त्याच्या हातात कोंबला, ओढ म्हणून खूण केली. भानुदासने ओढलं, फुंकलं, चार-पाच सूर एकदम बाहेर पडले. असं बराच वेळ चाललं. भानुदासच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. एकदम मिस्टर ओरेननी त्याच्या हातातून माउथ ऑर्गन ओढून घेतला आणि टेबलावर हात आपटला. इतक्या वर्षांत त्यांना रागावलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

भानुदास मला म्हणाला, "ताई, त्यांला सांगा, मला जमंना. माझ्या कानाला ऐकू येतंय सगळं. तोंडातून निघंना."

मी इंग्रजीत सांगितलं. मिस्टर ओरेननी भानुदासच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"ते सगळं पुसून टाका," ते मंदारला म्हणाले. मंदारने माझ्याकडे पाहिलं. मिस्टर ओरेननी हात पुढे केला, मोबाईल मागितला, आणि आपल्यासमोर एकेक करून पुसायला लावलं. माझे आजोबा असं वाजवत नव्हते, एवढंच म्हणाले.

पुढचं आधी सांगून टाकते, कारण मला त्यावर थांबायचं नाही. ते अमेरिकेला परत गेल्यावर चारेक महिन्यांनी डेनिसचा मेसेज आला. वडील झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं तिने लिहिलं होतं. त्रास झाला नाही असं सगळेच लिहितात; मी नर्स आहे, मला ती फुप्फुसं माहीत होती. खाली तिने विचारलं होतं, की बाबा तिथे वाजवायचे असं त्यांच्या बोलण्यात आलं होतं, तुमच्याकडे कुणाकडे एखादं रेकॉर्डिंग असेल का? घरात काहीच नाही. मी मंदारला मोबाईल पुन्हा तपासायला सांगितलं. त्याने दुकानातल्या माणसालाही विचारलं, पुसलेलं परत येतं का. आलं नाही. मी तिला लिहिलं, नाही. भानुदासला मी हे सांगितलं नाही. तो हल्ली बसमध्ये रेडिओही लावत नाही.

ते दोहा सोडून गेले त्या दिवशी सकाळी भानुदासनेच आम्हाला विमानतळावर सोडलं. गणपतीतलाच सूट त्यांनी घातला होता, आता खांद्यावरून उतरलेला. मांडीवर ऑक्सिजनचं छोटं मशीन, नाकात नळी. बोलणं तीन-चार शब्दांवर आलं होतं. शर्टाच्या खिशात रुमालाचा फुगवटा दिसत होता. भानुदास त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याला अडवलं नाही, त्यांना वाकून अडवता येणं शक्य नव्हतं.

काउंटरवरची कागदपत्रं झाल्यावर व्हीलचेअर ढकलायला विमानतळाचा एक माणूस आला. केनियाचा, तिशीतला, हसऱ्या चेहऱ्याचा. त्याने पट्टा लावायला हात पुढे केला तेव्हा खिशातला रुमाल सरकला आणि माउथ ऑर्गनचं टोक बाहेर आलं. त्याचा चेहरा एकदम उजळला. म्हणाला, आमच्या गावाकडे हे वाजतं ती गाणी सगळ्या घरांतून लागतात, जुनं अमेरिकन कंट्री. माझे वडील रविवारी दुसरं काही ऐकत नाहीत. तुम्ही वाजवता? फार वेळ नाही, रांग मोकळी आहे, थोडंसं वाजवा ना.

मी मधे पडणार होते. पण मिस्टर ओरेननी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, अगदी प्रेमाने. वर्गातल्या घाबरलेल्या पोरांकडे पाहायचे तसं. श्वास घेतला, थांबले, पुन्हा घेतला.

"नाही," ते म्हणाले. "मला येत नाही."

तो हिरमुसला, सॉरी म्हणाला, आणि खुर्ची वळवून ढकलू लागला. काचेचं दार उघडलं, ते आत गेले, दार मिटलं. काचेतून त्यांचं पांढरं डोकं आणि खांदे तेवढे दिसत होते. खांदे दर श्वासाला वर उचलले जात होते. मग वळणापाशी खुर्ची उजवीकडे गेली आणि तेही दिसेनासे झाले.